रंग बदलणाऱ्या तेजस्वी ताऱ्याची ओळख

पावसाळा सरून आकाश निवळले की महाराष्ट्रातील रात्रीच्या आकाशात क्षितिजाच्या थोडा वर एक विलक्षण तेजस्वी ठिपका दिसू लागतो. तो क्षणात तांबडा, क्षणात हिरवट आणि क्षणात निळसर पांढरा होतो, आणि आकाशाची सवय नसलेल्या माणसाला तो विमान, ड्रोन, उपग्रह किंवा त्याहून अद्भुत अशी एखादी वस्तू वाटू लागते. बहुतेक वेळा हा ठिपका म्हणजे व्याध असतो. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा असलेला व्याध लुब्धक या नावानेही ओळखला जातो. परंतु नाव सांगून टाकल्याने ओळख पटत नाही, कारण रंग बदलणारा प्रत्येक ठिपका व्याध नसतो आणि व्याधही प्रत्येक वेळी रंग बदलताना दिसत नाही. ओळख पटवण्याची रीत एकदा समजली की हाच प्रश्न वर्षाच्या कोणत्याही महिन्यात आणि आकाशाच्या कोणत्याही दिशेला निरीक्षकाला स्वतःच सोडवता येतो.

या रीतीचा गाभा असा की रंग हा ओळखीचा सर्वांत दुबळा पुरावा आहे, तर क्षितिजापासूनची उंची, दिशा, वेळ आणि गती हे पक्के पुरावे आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे रंगांकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी तो इतरांना वर्णनही रंगांचेच करतो. मात्र त्या वर्णनावरून जाणकारालाही काही ठरवता येत नाही. उलट ‘15 डिसेंबरला रात्री साडेआठला, पूर्वेपेक्षा थोडे दक्षिणेकडे, क्षितिजापासून अर्ध्या मुठीच्या उंचीवर’ एवढेच सांगितले तर रंगाचा उल्लेखही न होता उत्तर मिळते. म्हणून ठिपका दिसताच प्रथम घड्याळ पाहावे, मग दिशा ठरवावी आणि नंतर उंची मोजावी. उंची मोजण्यासाठी हात पूर्ण लांबवून मूठ आकाशासमोर धरावी. अशा मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते, अंगठ्याची सुमारे 2 अंश आणि करंगळीची सुमारे 1 अंश. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत, म्हणजे खमध्यापर्यंत, 90 अंश असतात, हे लक्षात ठेवले की मुठीवर मूठ रचत कोणत्याही ताऱ्याची उंची पुरेशा अचूकतेने सांगता येते.

उंचीला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी रंग बदलण्याचे कारण पाहावे लागते, आणि ते कारण ताऱ्यात नसून पृथ्वीच्या वातावरणात आहे. तारा इतक्या दूर असतो की डोळ्याला तो केवळ बिंदू दिसतो. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने अगदी शेजारी असूनही त्याच्या बिंबाचा कोनीय व्यास सुमारे 0.006 विकला एवढाच आहे. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. या बिंदूपासून आलेला अतिशय बारीक प्रकाशझोत वातावरणातून उतरताना कमी-अधिक तापमानाच्या हवेच्या असंख्य पुंजक्यांमधून जातो. उष्ण हवा विरळ आणि थंड हवा दाट असल्याने प्रत्येक पुंजका प्रकाशाला किंचित निराळ्या प्रमाणात वळवतो, आणि या वळण्याला अपवर्तन म्हणतात. पुंजके वाऱ्याबरोबर सतत सरकत असल्यामुळे डोळ्यात शिरणारा प्रकाश सेकंदात अनेकदा कमी-जास्त होतो, आणि तारा लुकलुकतो. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडची वस्तू थरथरताना दिसते, तिथेही हेच घडत असते.

लुकलुकण्यात रंग कुठून येतात, याचे उत्तर अपवर्तनाच्या आणखी एका गुणधर्मात सापडते. हवा निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा किंचित अधिक वळवते, त्यामुळे ताऱ्याचा पांढरा प्रकाश वातावरणात शिरताच थोडासा फाकतो. लोलकातून जाणाऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे होण्याची, म्हणजे अपस्करणाची, जी क्रिया शाळेत दाखवली जाते तीच इथे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात घडते. परिणामी एकाच वेळी डोळ्यात पोहोचणारे तांबडे आणि निळे किरण वरच्या थरांमध्ये परस्परांपासून काही अंतर राखून, म्हणजेच हवेच्या निरनिराळ्या पुंजक्यांमधून, आलेले असतात. एखाद्या क्षणी तांबड्याच्या वाटेवरील पुंजका प्रकाश एकवटतो आणि निळ्याच्या वाटेवरील तो विखुरतो, तेव्हा तारा तांबडा भासतो. पुढच्याच क्षणी ही स्थिती उलटते. तारा डोक्यावर असताना प्रकाशाला वातावरणाचा सर्वांत आखूड मार्ग मिळतो. ही लांबी एक मानली तर 30 अंश उंचीवर ती दुप्पट, 10 अंशांवर सुमारे साडेपाचपट आणि अगदी क्षितिजावर सुमारे 38 पट होते. म्हणूनच रंगांचा हा खेळ क्षितिजापासून दीड-दोन मुठींच्या आत सर्वांत जोरात चालतो, आणि तोच तारा चार तासांनी वर चढल्यावर बराचसा शांत व पांढरा दिसतो.

मग सगळेच तारे क्षितिजाजवळ असे रंगीत का दिसत नाहीत, हा प्रश्न इथे रास्तच आहे. ते सगळेच रंग बदलत असतात, पण मानवी डोळ्याला रंग ओळखण्यासाठी पुरेसा प्रकाश लागतो, आणि अंधुक ताऱ्यांच्या बाबतीत तो मिळत नाही. व्याधाची दृश्यप्रत उणे 1.46 आहे. दृश्यप्रत हे डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचे माप असून ते जितके कमी तितका तारा अधिक तेजस्वी. व्याधाचा मूळ रंग निळसर पांढरा असल्याने त्याच्या प्रकाशात सर्व रंग भरपूर असतात, म्हणून आळीपाळीने उठून दिसायला तांबडा, हिरवा, निळा असे सगळेच रंग उपलब्ध असतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या ग्रंथात या ताऱ्याची गणना तांबूस ताऱ्यांमध्ये केली होती आणि त्यावरून आधुनिक काळात बराच वाद झाला. क्षितिजाजवळच्या तांबड्या लुकलुकीमुळे तसे वर्णन झाले असावे, असे एक स्पष्टीकरण त्या वादात मांडले गेले आहे, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी उगवता व्याध पाहणाऱ्याला ते सहज पटण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातून व्याध नेमका कधी व कुठे शोधावा, हे आता सांगता येते. तो पूर्व बिंदूपासून दक्षिणेकडे सुमारे 18 अंशांवर, म्हणजे जवळजवळ दोन मुठी सरकून उगवतो. ऑक्टोबरच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास आणि डिसेंबरच्या मध्यास आठच्या सुमारास तो क्षितिजावर येतो. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवत असल्याने महिन्याला दोन तासांचा हा फरक पडतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो रात्री दक्षिणेकडे सर्वांत उंच जातो आणि मुंबई-पुण्याहून त्याची ही कमाल उंची 54 ते 55 अंश भरते. एप्रिल व मेच्या आरंभी तोच संध्याकाळनंतर पश्चिम-नैर्ऋत्येकडे उतरू लागतो आणि मावळण्यापूर्वी पुन्हा रंग बदलू लागतो. त्यामुळे हिवाळ्यात पूर्वेला आणि उन्हाळ्यात पश्चिमेला दिसलेले दोन गूढ दिवे पुष्कळदा एकच असतात. खात्रीसाठी मृग नक्षत्राचा आधार घ्यावा. चार ताऱ्यांच्या चौकोनाच्या मध्यभागी एका ओळीत असलेले तीन तारे, ज्यांना मृगाच्या पोटात शिरलेला बाण मानले जाते, ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की ती व्याधाच्या जवळ जाते आणि विरुद्ध दिशेने वाढवली की तांबूस रोहिणीजवळ. शिकाऱ्याने सोडलेल्या बाणाची ही कथा आकाशातील दिशा लक्षात ठेवण्यासाठी फार सोयीची आहे, आणि लहान मुलांना व्याध दाखवताना तिचा उपयोग अवश्य करावा.

व्याधाखालोखाल महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा तारा अगस्त्य होय, आणि त्याची विशेषता अशी की तो इथून कधीच उंच जात नाही. दृश्यप्रत उणे 0.74 असलेला हा आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा दक्षिण गोलार्धात इतका खोल आहे की मुंबईहून त्याची कमाल उंची सुमारे 18 अंश, नागपूरहून 16 अंश आणि गोव्याहून 22 अंशांच्या जवळपास भरते. याचा अर्थ मुंबईत वा नागपुरात तो वर आलेला असतानाही त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत तिपटीहून अधिक हवेतून येतो. उत्तरेकडील देशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो, कारण तिकडे तो उगवतच नाही. म्हणून परभाषेतील माहितीवर विसंबणाऱ्या मराठी निरीक्षकाची इथे विशेष दिशाभूल होते. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊला तोंड दक्षिणेकडे करून उभे राहावे. वर व्याध आणि त्याच्या जवळजवळ सरळ खाली साडेतीन मुठींवर जो एकटा तेजस्वी तारा थरथरत असतो, तो अगस्त्य. कोकण किनाऱ्यावर किंवा दक्षिणेकडे मोकळे क्षितिज असलेल्या पठारावर तो उत्तम दिसतो, तर इमारतींच्या दाटीत पुष्कळदा दिसतच नाही.

नोव्हेंबरच्या संध्याकाळी ईशान्येला डोंगरांच्या वर रंग बदलणारा ठिपका दिसला तर तो सारथी तारकासमूहातील ब्रह्महृदय असण्याचा संभव मोठा आहे, आणि कृत्तिकांचा लहानसा झुबका त्याच्या उजवीकडे वर दिसत असेल तर शंका उरत नाही. मार्चमध्ये रात्री नऊच्या पुढे पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे 20 अंशांवर उगवणारा नारिंगी तारा स्वाती असतो. सप्तर्षींच्या शेपटीची वक्र रेषा पुढे वाढवली की ती त्याच्यापर्यंत पोहोचते. स्वातीवर एक प्रयोग सहज करता येतो, कारण तो मुंबई-पुण्याच्या आकाशात जवळजवळ खमध्यातून जातो. उगवताना नारिंगी, तांबडा आणि हिरवट अशा छटा फेकणारा हा तारा पहाटे तीनच्या सुमारास डोक्यावर आल्यावर किती स्थिर व सौम्य नारिंगी दिसतो, हे एकाच रात्री पाहिले की वातावरणाविषयीचे वरील सर्व विवेचन डोळ्यांनी पडताळता येते.

ग्रहांची गोष्ट वेगळी आहे. ग्रह डोळ्याला बिंदूसारखा दिसला तरी त्याला मोजता येईल एवढे बिंब असते: गुरूचे साधारण 30 ते 50 विकला आणि शुक्राचे अंतरानुसार सुमारे 10 ते 60 विकला. बिंबाच्या प्रत्येक भागातून येणारा प्रकाश स्वतंत्रपणे कमी-जास्त होत असल्याने एकूण परिणाम सरासरीने सपाट होतो आणि ग्रह शांत प्रकाशतो. म्हणूनच तेजस्वी पण रंग न बदलणारा ठिपका हा बहुधा ग्रह समजावा, मात्र क्षितिजाच्या अगदी कडेला असताना ग्रहही काही प्रमाणात लुकलुकतो, हे विसरू नये. शुक्र सूर्यापासून 47 अंशांहून अधिक दूर कधीच जात नाही, त्यामुळे तो केवळ संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसतो, आणि महाराष्ट्रातून मध्यरात्री दिसलेला दिवा शुक्र असू शकत नाही. ग्रहांच्या बाबतीत फसगत केवळ नवख्यांची होते असेही नाही. 2012-13 च्या सुमारास लडाखच्या सीमेवरील भारतीय जवानांनी रात्रीच्या आकाशात वारंवार दिसणाऱ्या अनोळखी प्रकाशांच्या नोंदी केल्या आणि ते पलीकडून येणारे ड्रोन असावेत अशी शंका निर्माण झाली. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपास केल्यावर ते गुरू आणि शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. जवानांनी वेळ आणि जागा यांच्या नोंदी ठेवल्या होत्या म्हणूनच हा उलगडा होऊ शकला, आणि त्या शिस्तीचे मोल मोठे आहे.

तारा आणि मानवनिर्मित दिवा यांतील भेद गतीवरून पडतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला 15 अंश सरकते, म्हणजे पंधरा मिनिटांत तारा जवळजवळ दोन अंगठ्यांएवढे अंतर कापतो. पूर्वेचा तारा वर चढत दक्षिणेकडे किंचित कलतो आणि पश्चिमेचा खाली उतरतो. ही गती पारखण्यासाठी एका जागी बसून भिंतीच्या कडेला किंवा विजेच्या खांबाला ठिपका टेकवून पाहावा. कोणताही आधार न घेता काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली तर तो स्थिर असूनही इकडेतिकडे हलल्याचा भास होतो, आणि हा डोळ्यांचा स्वाभाविक दोष आहे. ‘तो तारा थांबत थांबत सरकत होता’ अशा वर्णनांपैकी पुष्कळशी या भासातून जन्मतात, म्हणून कडेचा आधार घेतल्याशिवाय गतीविषयी काहीही लिहू नये.

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या टोकाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो, शिवाय ठरावीक लयीत उघडझाप करणारे दिवे असतात. निरीक्षकाला तांबडा दिवा आपल्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसला तर विमान त्याच्याकडे येत आहे. विमानतळाच्या उतरणीच्या वाटेवर समोरून येणारे विमान काही मिनिटे एका जागी थांबल्यासारखे दिसते, पण ते लवकरच तेजस्वी होत जाते आणि फुटून दोन-तीन दिव्यांचे होते. विमानाच्या दिव्यांची उघडझाप नियमित असते, ताऱ्याची लुकलुक पूर्णपणे अनियमित, आणि हा फरक काही मिनिटे पाहिल्यावर कोणालाही कळतो. ड्रोनही तांबडे-हिरवे दिवे लावून एका जागी तरंगू शकतो, परंतु त्याची बॅटरी साधारणतः अर्ध्या तासाच्या आसपास संपते, त्यामुळे तासभर त्याच जागेच्या आसपास राहणारा आणि आकाशाबरोबर सरकणारा ठिपका ड्रोन नसतो. हवेत सोडलेला कागदी कंदील नारिंगी असतो, वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि काही मिनिटांत विझतो. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून जाणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वीच्या काळात चार-सहा मिनिटांत आकाश पार करते, पांढरे व स्थिर दिसते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच मावळल्यासारखे नाहीसे होते. 2019 पासून सोडल्या जाणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची सरळ रांग प्रक्षेपणानंतरच्या काही रात्री दिसते आणि मग विरळ होत जाते.

याहून विरळा प्रसंग 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून दिसला. जळत, तुकडे होत, रंगीत शेपट्या मागे टाकत जाणारे प्रकाशाचे पुंजके आकाशातून सावकाश सरकले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे एक मोठे कडे सापडले. चिनी अग्निबाणाचा टप्पा वातावरणात परत येऊन जळाल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. उल्का सेकंदाभरात विझते, तर असे अवशेष अर्धे-एक मिनिट किंवा त्याहून अधिक काळ दिसत राहतात. त्यांचे रंग मात्र खरोखर त्या वस्तूचे, म्हणजे जळणाऱ्या धातूंचे व तप्त हवेचे असतात. असा तुकडा जमिनीवर आढळल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे, कारण त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

ठिपका तारा असल्याचा संशय बळावला की द्विनेत्री दुर्बिणीने एक सुंदर चाचणी करता येते. दुर्बीण ताऱ्यावर रोखावी आणि नळ्यांच्या पुढच्या टोकांवर बोटांनी हलक्या टिचक्या माराव्यात. डोळ्यासमोर ताऱ्याचा ठिपका ताणून रेघ होतो आणि त्या रेघेवर तांबडे, हिरवे, निळे मणी ओळीने गुंफलेले दिसतात, कारण क्षणाक्षणाला बदलणारे रंग आता शेजारीशेजारी उमटतात. हीच चाचणी गुरूवर केली तर रेघ बहुतांशी एकरंगी राहते. याउलट मोबाइलने काढलेल्या चित्रफितीवर अजिबात भरवसा ठेवू नये. अंधारात कॅमेऱ्याला ठिपक्यावर नेम साधता येत नाही, म्हणून तो भिंग मागेपुढे करत राहतो आणि साधा तारा धडधडणाऱ्या रंगीत तबकडीसारखा दिसू लागतो; समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या ‘उडत्या तबकड्यां’च्या चित्रफितींपैकी कित्येकांचे मूळ एवढेच असते. मोबाइलचा खरा उपयोग तारकानकाशासाठी आहे. स्टेलेरियमसारख्या संगणकप्रणालीत गाव, तारीख आणि वेळ भरली की त्या क्षणाचे आकाश समोर येते, मात्र मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी गजांच्या गच्चीवर चुकते, म्हणून दिशा नेहमी एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावरून पडताळावी.

पहिल्या रात्री ओळख पटली नाही तर दुसऱ्या व तिसऱ्या रात्री त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पाहावे. ठिपका तिथेच असेल आणि मागील नोंदीपेक्षा अंशभर पुढे सरकलेला असेल, तर तो निश्चितपणे तारा किंवा ग्रह आहे. ताऱ्याच्या तेजात खरोखरचा बदल होतो तो असा सेकंदात दिसत नाही. मृगातील तांबूस काक्षी 2019 च्या अखेरीपासून फेब्रुवारी 2020 पर्यंत चांगलीच मंदावली, तेव्हा तो फरक शेजारच्या ताऱ्यांशी आठवड्यागणिक तुलना केल्यावरच लक्षात येत होता. एवढे करूनही न जुळणारी नोंद उरली तर ती 1944 पासून कार्यरत असलेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे, मुंबईच्या खगोल मंडळाकडे किंवा जवळच्या तारांगणाकडे पाठवावी, आणि तिच्यात गाव, तारीख, घड्याळातील वेळ, दिशा, मुठींनी मोजलेली उंची, दिसण्याचा कालावधी आणि खांबाच्या आधारे पाहिलेली गती यांचा उल्लेख करून मगच शेवटी रंग लिहावा.